मामीच्या दोन बरण्या

एप्रिलचा दुसरा आठवडा. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका घराची मागची पडवी, आणि तिथल्या कट्ट्यावर काचेच्या दोन बरण्या. दोन्हींत काजूच्या बोंडूंचा रस, एकाच भाटातला (बागेतला), एकाच सकाळी पिळलेला. पावडरही, म्हणजे रस निवळणारं पेक्टिनेझ हे एन्झाइम, एकाच पाकिटातली, एकाच चमच्याने मोजून घातलेली. दिवेलागणीला पाहिलं तर डावीकडच्या बरणीतला रस निवळून पातळ मधासारखा झालेला. तळाशी दोन बोटं गाळ, आणि काचेतून पलीकडचं तुळशीवृंदावन दिसतंय. उजवीकडची बरणी मात्र सकाळी होती तशीच, तांदळाच्या धुवणासारखी गढूळ. गंमत म्हणजे सगळी काळजी या उजवीकडच्या बरणीचीच घेतली होती. तो रस मामीने स्वतः तिपदरी फडक्यातून गाळला, स्टीलच्या टोपात उकळला, आणि पावडर नीट विरघळावी म्हणून वाफा निघत असतानाच घातली. डावीकडची बरणी भाच्याने मोबाइल बघत बघत कशीबशी भरलेली. रस कच्चाच, जरा कोमट केलेला, आणि बरणी उन्हाच्या पट्ट्यात सोडून दिलेली.

"मामी, तू रस उकळलास?"

"उकळलाच. हा रस न उकळता ठेवतात का रे? दुपारपर्यंत फसफसतो."

"मग संपलं. उकळत्यात घातलं की एन्झाइम मरतं."

"मरतं म्हणजे? जिवंत होतं ते?"

भाचा मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला, तरी गप्प झाला. प्रश्न साधा आहे, पण पुस्तकातही आपण सर्रास 'एन्झाइम मरतं' असंच म्हणतो आणि पुढे जातो. मामीचा घोटाळा कुठे होत होता ते त्या एका प्रश्नात दिसतं. चमचाभर घालायचं, झाकून ठेवायचं आणि काही तासांनी सगळं भांडं पालटलेलं, अशी तिच्या माहितीतली एकच वस्तू, ती म्हणजे विरजण. विरजण जिवंत असतं. चमच्यातले जीवाणू दुधात वाढतात, एकाचे लाख होतात, म्हणून थोडं कमी-जास्त पडलं तरी सकाळी दही लागतंच. पेक्टिनेझचं तसं नाही. ते बुरशीने बनवलेलं प्रथिन. पाकिटात बुरशी नसते, तिने बाहेर टाकलेलं अवजार तेवढं असतं. ते वाढत नाही, घातलं तितकंच राहतं. आणि प्रथिन असल्यामुळे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचं जे होतं तेच त्याचं होतं: उकळत्या पाण्यात पडलं की क्षणात गोठतं, आणि पाणी कितीही थंड केलं तरी पुन्हा पातळ होत नाही. त्याची घडी मोडते, आणि सगळं काम त्या घडीतच असतं. मामीने पावडर घातली तेव्हा रस नव्वद अंशांच्या वर होता. पाव मिनिटात त्या पावडरीचा शिजलेला बलक झाला असणार.

पण ही पावडर रसात नेमकं काय करते? फळ म्हणजे लाखो पेशी एकमेकींना चिकटून बसलेल्या. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या भिंतींत जांभ्या दगडाचे चिरे मातीच्या गिलाव्यात बसवलेले असतात, तशी पेशी-पेशींमधली ती माती म्हणजे पेक्टिन. पेशींच्या भिंतीतही ते असतं, पण दोन पेशींच्या मधल्या थरात सगळ्यात जास्त. रासायनिक भाषेत ती गॅलॅक्ट्युरॉनिक आम्लाच्या कड्या जोडून केलेली लांबच लांब साखळी. काही कड्यांवर मिथाइलची टोपी, काही उघड्या. बोंडू पिळला की ही साखळी रसात उतरते, पाणी धरून ठेवते, रसाला बुळबुळीत जाडपणा आणते आणि गराचे बारीक कण खाली बसू देत नाही. १८२५ साली आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने या पदार्थाला नाव दिलं ते 'गोठणं' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. त्याच्या डोळ्यांसमोर गोठणारं पेक्टिन होतं, आपल्यासमोर निवळू न देणारं आहे.

गोठणारं बघायचं तर त्याच घरातल्या पत्र्याच्या डब्यात पेराड (पेरूची वडी) होतं, पेरूंच्या दिवसांत केलेलं. पेराड करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, नुसते पिकलेले पेरू घ्यायचे नाहीत हे ती पहिल्यांदा सांगेल. अर्धे पिकलेले वासासाठी, अर्धे दोरे, म्हणजे अर्धकच्चे आणि हाताला घट्ट लागणारे. किलोभर गराला पाऊण-एक किलो साखर, दोन लिंबांचा रस, मंद आच, आणि गोळा टोपाच्या कडा सोडेपर्यंत हात थांबवायचा नाही. साखर पाणी ओढून घेते, लिंबाचा आंबटपणा पेक्टिनच्या साखळ्यांना एकमेकींजवळ येऊ देतो, आणि ताटलीत थापलेलं पेराड सुरीने वडी पडेल इतकं घट्ट बसतं. नुसत्या पिकलेल्या पेरूंचं केलंत तर तासभर जास्त ढवळून शेवटी चिकट पाक हातात येतो. कारण पेरू पिकतो म्हणजे तो स्वतःच स्वतःचं पेक्टिन कापत असतो. फळांमध्येही पेक्टिनेझ असतं. फळ मऊ पडणं, देठाशी सुटणं यात त्याचा मोठा हात. पेराडवाल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या हे एन्झाइम टाळत आल्या आहेत. फक्त त्यांच्याकडे ते 'पेरू जास्त झाला' या नावाने ओळखलं जातं.

बुरशीला मात्र पेरू पिकायची वाट बघायची गरज नसते. तिला तोंड नाही, दात नाहीत. जे खायचं ते बाहेरच पचवून मग आत ओढायचं, हीच तिची तऱ्हा. फळावर पडलेल्या बुरशीचा पहिला अडसर म्हणजे ही पेक्टिनची माती, तेव्हा ती पहिल्यांदा तेच पोखरणारं एन्झाइम बाहेर सोडते. कांद्याच्या वरच्या पापुद्र्याखाली काळी भुकटी दिसते ना, बोट लावलं की काजळीसारखी निघणारी? ती अॅस्परजिलस नायजर. पाकिटातलं बहुतेक पेक्टिनेझ याच जातीचं. अॅस्परजिलस हे नाव १७२९ साली मिकेली या इटालियन पाद्री-वनस्पतिशास्त्रज्ञाने दिलं. भिंगाखाली तिचा देठ आणि त्यावरचं बीजाणूंचं गोल डोकं पाहून त्याला चर्चमधलं पवित्र पाणी शिंपडायचं दांडीचं शिंपडणं आठवलं, लॅटिनमध्ये अॅस्परजिलम. गोव्यात हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. फेस्ताला पाद्रींच्या हातात ते प्रत्येकाने पाहिलेलं असतं. 'नायजर', म्हणजे काळी, हे पुढचं नाव व्हान टीघेमने १८६७ साली लावलं.

याच बुरशीला ताटात वाढवून तिच्याकडून एन्झाइम काढतात. गव्हाचा कोंडा, त्यात वाळवून भरडलेल्या संत्र्या-मोसंबीच्या साली, निम्म्याच्या थोडा वर ओलावा. हे वाफेवर निर्जंतुक करायचं, थंड झालं की बीजाणू पेरायचे आणि तीस अंशांच्या आसपास तीन-पाच दिवस ठेवायचं. साली चवीसाठी नसतात. समोर पेक्टिन आहे हे कळल्याशिवाय बुरशी पेक्टिनेझ बनवायचा खर्च करत नाही, आणि मोकळी साखर भरपूर दिसली तर बनवणं बंदच करते. इथे चूक होते ती थराच्या जाडीत. कोंड्याचा थर दोन-तीन बोटांपेक्षा जाड लावला की बुरशीच्या स्वतःच्या उष्णतेने मधला भाग चाळीसच्या पुढे तापतो, तिथे हवाही पोचत नाही, आणि वरून छान पांढरं दिसणारं ताट आतून कुबट, ओलं निघतं. चांगलं ताट वेळेवर उचललं, पाण्यात भिजवून गाळलं की एन्झाइम पाण्यात उतरतं. पुढे ते दाट करून ग्लिसरॉलमध्ये किंवा पावडर करून विकतात. हे घरी करायच्या भानगडीत पडू नये. कांद्यावरच्या त्याच काळ्या बुरशीच्या काही वाणांत ऑक्राटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. कारखान्यातले वाण पारखून घेतलेले असतात, आपल्या फडताळातले नव्हे.

फडताळातली बुरशी काय करते ते जूनमध्ये दिसतं.

चेपणीची तोरं, म्हणजे मिठात दाबलेल्या कोवळ्या कैऱ्या, ज्यांनी घातली आहेत त्यांना हे ठाऊक आहे. कोवळी तोरं जाड मिठात दाबून वर दगड ठेवायचा. मिठाचं पाणी सुटतं आणि तोरं त्यात बुडालेली राहिली तर पावसाळाभर कुरकुरीत टिकतात. दगड जरा कलला, एक-दोन तोरं पाण्याच्या वर आली, की त्यांच्यावर पांढरी साय धरते. वरची साय काढून टाकता येते, पण तिने सोडलेलं एन्झाइम खालच्या पाण्यात गेलेलं असतं. आठवड्याभराने बुडालेली तोरंही बोटाने दाबली तर आत जातात. लोक म्हणतात मीठ कमी पडलं. मीठ कमी पडल्यानेही हे होतं, पण बऱ्याचदा दोष दगडाचा असतो. उलट पेठ्यासाठी कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या निवळीत ठेवतात, तेव्हा चुन्यातलं कॅल्शियम पेक्टिनच्या दोन साखळ्यांमध्ये बसून त्यांना जखडतं. म्हणून पाकात तासभर शिजूनही फोड मोडत नाही. आणि अंबाडीच्या काड्या तळ्यात कुजत घालतात तेव्हा पाण्यातले सूक्ष्मजीव हेच पेक्टिन खातात आणि धागा काडीपासून सुटतो. कोणी बांधतं, कोणी सोडतं. एकाच घरात दोन्ही चालू असतं.

आता बोंडूंकडे. एक किलो काजूबीमागे सहा ते दहा किलो बोंडू निघतात, आणि त्यातले कितीतरी झाडाखालीच कुजतात. रस पिळायचा तर त्याच दिवशी पडलेले, डाग न पडलेले बोंडू हवेत. सकाळचा बोंडू दुपारी तापला की आंबायला लागतो. लोखंडी विळी किंवा कढई नको, बोंडूतलं तुरट टॅनिन लोखंडाला भेटलं की रस शाईसारखा काळवंडतो. स्टील किंवा काच बरी. डोंगरात फेणीचे भट्टीवाले कोळंबीत तुडवतात (कोळंबी म्हणजे इथे मासळी नव्हे, बोंडू तुडवायचं दगडी कुंड), मग चोथ्याचा ढीग वेलाने आवळून वर भला मोठा धोंडा ठेवतात. त्या ढिगातून रात्रभर ठिबकतो तो नीरो. तुडवलेल्या रसापेक्षा तो स्वच्छ आणि गोड, कारण तो स्वतःच्याच चोथ्यातून गाळून येतो. बुरशीची पावडर न घालता निवळ मिळवायची ही सगळ्यात जुनी युक्ती, आणि माझ्या मते चवीला सगळ्यात चांगली. पण ती एका रात्रीची चैन आहे. बाटलीत भरून ठेवायचा रस वेगळा.

बाटलीच्या रसाला आधी साध्या कापडातून गाळावं, तिपदरी करायची गरज नाही. जाड गर निघाला की पुरे, बाकी काम एन्झाइम करणार आहे. घरगुती वापराच्या पावडरीचा डोस लिटरला पाव ग्रॅमच्या आसपास. प्रत्येक पाकिटाची ताकद वेगळी असते, तेव्हा पाकिटावरचा आकडा खरा मानावा. पाव ग्रॅम चमच्याने मोजायला जाऊ नये. चार लिटर रस एकदम घ्यावा आणि सोनाराचा असतो तसा छोट्या काट्यावर एक ग्रॅम मोजावा. पावडर थेट रसात टाकली तर गुठळ्या होतात आणि गुठळीच्या आतलं तसंच कोरडं राहतं. म्हणून दोन चमचे गार पाण्यात आधी कालवून दहा मिनिटं ठेवावी. कालवताना तोंड जवळ नेऊ नये, फुंकर तर मुळीच घालू नये. ही बारीक धूळ श्वासात जात राहिली तर काही जणांना दम्याचा त्रास सुरू होतो. पाकीट एकदा फोडलं की हवाबंद डबीत, फ्रीजमध्ये. गोव्यातला जुलै कपड्यांच्या चिमट्याने बंद केलेल्या पाकिटाला सोडत नाही. पुढच्या एप्रिलमध्ये आत खडीसाखर सापडते, आणि मग पावडरच खोटी म्हणून गाऱ्हाणं.

तापमान हा खरा मुद्दा. पंचेचाळीस ते पन्नास अंश हवेत. थर्मामीटर नसेल तर दूध विरजण्याला जितकं कोमट करतो त्याहून थोडं जास्त, बोट चार-पाच सेकंद सुखाने ठेवता येईल आणि मग काढावंसं वाटेल इतपत. या उष्णतेला दीड-दोन तास पुरतात. एप्रिलच्या दुपारी नुसतं पडवीत ठेवलं, तीस-बत्तीस अंशांना, तर पाच-सहा तास लागतात. फ्रीजमध्येही काम होतं, पण पूर्ण एक दिवस द्यावा लागतो. साठच्या पुढे एन्झाइमची घडी सैल व्हायला लागते, ऐंशी-पंच्याऐंशीला काही क्षणांत संपते. पन्नासच्या आसपास ठेवण्याचा आणखी एक फायदा कोणी सांगत नाही. बोंडूच्या सालीवर जंगली यीस्ट असतंच, आणि तीस-पस्तीस अंश म्हणजे त्याची चंगळ. पन्नास अंशांना एन्झाइम धावतं आणि यीस्ट गप्प बसतं. उन्हाच्या पट्ट्यात ठेवलेल्या बरणीत दोघंही एकाच वेळी काम करत असतात.

आंबटपणाही बघावा लागतो. अॅस्परजिलसचं पेक्टिनेझ साडेतीन ते पाच पीएचला (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) रमतं. बोंडूचा रस चारच्या आगेमागे, म्हणजे अगदी माहेर. हीच पावडर कोकमाच्या आगळात घातली तर ती बसून राहते, कारण तिथला पीएच त्याहून बराच खाली. 'कोकमाला चालली नाही, म्हणजे पावडर वाईट' असं ऐकू येतं. पावडर ठीक असते, जागा चुकलेली असते. आणि मयडे गावचं केळं? ते कितीही पिळा, फडक्यात लापशीच राहते. गर कुस्करून त्यात लिंबू पिळून, एन्झाइम घालून पंचेचाळीसला दोन तास ठेवलं, की तोच गर पाणी सोडतो आणि केळ्याचा पातळ रस निघू शकतो हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला खरं वाटत नाही.

निवळताना काय घडतं ते काचेच्या बरणीजवळ बसून पाहण्यासारखं आहे. पहिल्या अर्ध्या तासात रंग तोच, गढूळपणा तोच, पण बरणी हलवली तर रस आधीसारखा जड हलत नाही, पाण्यासारखा डुचमळतो. एन्झाइम साखळीला टोकाकडून कुरतडत बसत नाही, मधोमध कुठेही तोडतं. शंभरातले जेमतेम दोन-चार दुवे तुटले तरी घट्टपणा निम्म्यावर येतो, जसं लांब दोराचे तुकडे केले की गुंता आपोआप सुटतो. मग बराच वेळ काहीच होत नाही, आणि इथेच अधीर माणूस आणखी चमचाभर पावडर घालून बसतो. रसातल्या प्रत्येक कणाचा गाभा प्रथिनाचा, आंबट रसात धन भाराचा. त्यावर पेक्टिनचं आवरण, ऋण भाराचं. सगळ्यांची आवरणं सारखी, म्हणून कण एकमेकांना ढकलत तरंगत राहतात. आवरण जागोजागी फाटलं की एकाचा उघडा गाभा दुसऱ्याच्या आवरणाला चिकटतो. रसात आधी धुकं दाट होतं, मग त्याची कापसासारखी बोंडं होतात, आणि मग वीस-पंचवीस मिनिटांत ती खाली उतरायला लागतात. वरून एक पारदर्शक पट्टी दिसते, बोटभर, मग वीतभर. या वेळी बरणीला हात लावायचा नाही. मुलांना पडवीतून हाकलायचं.

सगळं बरोबर करूनही रस धूसर राहतो तेव्हा दोष दुसरीकडे शोधावा लागतो. घसा धरणारं जे टॅनिन बोंडूत असतं ते प्रथिनांना पकडतं, आणि एन्झाइमही प्रथिनच. फार तुरट बोंडू असले तर पावडरीचा बराच भाग काम सुरू होण्याआधीच टॅनिनच्या तावडीत सापडतो. मग डोस दीडपट करावा किंवा तुरटपणा आधी काढावा. त्याला आपल्याकडे पेजेची निवळ घालतात किंवा साबुदाणा: लिटरला साधारण पाच ग्रॅम, थोड्या पाण्यात शिजवून लापशी करून, थंड झाल्यावर रसात ढवळायची आणि दहा-बारा तास ठेवायचं. साबुदाणा जास्त पडला की पंचाईत. मग रस पेक्टिनने नव्हे, स्टार्चने गढूळ होतो, आणि पेक्टिनेझ स्टार्चला शिवतही नाही. ओळखायला आयोडीनचा थेंब, निळं झालं की स्टार्च. पण काजूच्या रसात ही परीक्षा फसवते. बोंडूत क जीवनसत्त्व संत्र्याच्या चौपट-पाचपट, आणि ते आयोडीनचा रंग गिळून टाकतं. पहिले पाच-सहा थेंब नाहीसे होतात आणि माणूस म्हणतो स्टार्च नाही. थेंब टाकत राहायचं. पिवळसर तपकिरी रंग टिकून राहिला आणि निळा आला नाही, तरच स्टार्च नाही.

एक गोष्ट भट्टीवाल्यांसाठी, कारण पावडरीची पाकिटं आता त्यांच्यापर्यंतही पोचली आहेत. पारंपरिक फेणीत बोंडूच्या रसाशिवाय काही पडत नाही, आणि ते तसंच राहिलेलं बरं. पेक्टिनवरच्या त्या मिथाइलच्या टोप्या आठवा. बाजारातल्या बहुतेक पेक्टिनेझमध्ये साखळी कापणाऱ्या एन्झाइमबरोबर टोप्या उडवणारं एन्झाइमही मिसळलेलं असतं. उडालेली टोपी म्हणजे मिथेनॉल, विषारी अल्कोहोल. पिण्याच्या रसात ते इतकं थोडं असतं की काळजीचं कारण नाही. पिकलेल्या फळातही ते असतंच. पण शेकडो लिटर रस आंबवून भट्टीवर गाळायचा असेल तर पेक्टिनबरोबर मिथेनॉलचाही हिशेब मांडावा लागतो. 'पहिली धार फेकली की ते जातं' हा समज अर्धाच खरा. पाणी आणि अल्कोहोलच्या मिश्रणात मिथेनॉल सगळंच्या सगळं आधी येत नाही, थोडं थोडं शेवटपर्यंत येत राहतं.

तर मामीची उजवीकडची बरणी. भाच्याला प्रयोगशाळेतली परीक्षा आठवली: रसात दारू मिसळायची, पेक्टिन शिल्लक असेल तर ते गोठून दिसतं. घरात फेणी होतीच. एक चमचा रस, दोन चमचे फेणी. दहा मिनिटं झाली, काही नाही. "म्हणजे पेक्टिन गेलं," तो म्हणाला. "मग गढूळ का?" मामी म्हणाली. फेणी बेचाळीस-त्रेचाळीस टक्क्यांची, रसात मिसळल्यावर उरली अठ्ठावीस. एवढ्यात पेक्टिन गोठत नाही. निम्म्याच्या वर अल्कोहोल हवं. प्रयोगशाळेत पंच्याण्णव टक्क्यांचं, किंचित आम्ल घातलेलं, रसाच्या दुप्पट घेतात. घरी औषधाच्या दुकानातलं सत्तर टक्क्यांचं आयसोप्रोपिल चालतं, मात्र एक चमचा रसाला तीन चमचे, आणि परीक्षा झाली की सगळं सिंकमध्ये, चाखून बघायचं नाही. तेही घरात होतं, सुईच्या आधी दंडाला लावायचं. वाटीत मिसळून हलकेच फिरवलं. दोन मिनिटांत पांढरे तंतू, मग शेवयांचा झुबका, काट्याने उचलला तर अख्खा वर आला. सगळं पेक्टिन जिथल्या तिथे होतं. पावडरीने एकही दुवा तोडला नव्हता.

त्यांनी रस पुन्हा पंचेचाळीसपर्यंत कोमट केला, नवी पावडर पाण्यात कालवून घातली आणि टोपाला जुनी गोधडी गुंडाळून ठेवला. दोन तासांनी वाटीत पुन्हा तीन चमचे स्पिरिट: एकही तंतू नाही. रात्री नळीने वरचा रस काढून पंच्याऐंशी अंशांना पाच मिनिटं धरला, उकळीने धुतलेल्या बाटल्यांत काठोकाठ गरमच भरला. या वेळी एन्झाइम मोडलं तर मोडू दे, त्याचं काम झालं होतं.

डावीकडच्या बरणीकडे कोणी पाहिलं नाही. ती आधीच सुरेख निवळली होती, काचेतून तुळस दिसत होती, म्हणून तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं चालू असताना पडवीत फस्स असा आवाज झाला. झाकण कट्ट्यावर, बरणीच्या तोंडाशी फेस, आणि तळाचे दोन बोटं गाळ बुडबुड्यांबरोबर वर चढून सगळा रस पुन्हा धुवणासारखा झालेला. मामीने हात धुतले, बरणीत नाक घातलं, आणि भाच्याकडे वळून म्हणाली, "उकळ म्हणून सांगितलं होतं ना?"